इंजिनाला चढलेलं रोगण

आमच्या घरी हिवाळ्यात बंबातलं पहिलं पाणी कधी माणसाला मिळालं नाही. ते इंजिनाला जायचं. मार्गशीर्ष लागला की ज्या दिवशी इंजिन लावायचं त्या दिवशी पहाटे बंब पेटवायचा, पाणी कढत झालं की दोन बादल्या इंजिनखोलीत नेऊन इंजिनाच्या पोटात ओतायच्या, जरा वेळानं खालची चावी सोडून गार झालेलं काढायचं आणि पुन्हा कढत भरायचं. तिसऱ्या खेपेला लोखंडाला हात लावला की ऊब लागायची. मग उरलेल्या पाण्यात आमच्या आंघोळी. लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नाही म्हणून मी मनातून खूश होते. इथं येऊन बघते तर लोखंडाची सासू बसलेली, आणि तीही सकाळी उठायला कां कूं करणारी.

मुरुमच्या बाजाराजवळ एक जिन होता. कापसातली सरकी काढायचा कारखाना, त्याला आम्ही जिन म्हणायचो. निजामाचं राज्य होतं आणि दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस होते. जिनातली यंत्रं वाफेवर चालायची. त्याच वाफेवर एक मोठा डायनामो फिरायचा, त्याच्यावर जिनातले दिवे लागायचे आणि ओढ्याकाठच्या विहिरीवरचा पंप चालायचा. बॉयलर थंड झाला की दिवेही बंद आणि पंपही. अशा वेळेसाठी कापसाच्या गंजीपासून लांब, एका वेगळ्या खोलीत लहान तेलइंजिन आणि त्याला पट्ट्यानं जोडलेला लहान डायनामो ठेवला होता. लोक त्याला बदली इंजिन म्हणायचे. वर्षातले कितीतरी दिवस ते नुसतं बसून असायचं, पण ज्या दिवशी लागायचं त्या दिवशी त्याच्यावाचून सगळं अडायचं. माझे पती त्या इंजिनाचे मिस्त्री. सगळा जिन त्यांना मिस्त्री म्हणायचा आणि नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती म्हणून मीही मिस्त्रीच म्हणायची. नोकरी त्यांची होती आणि तिच्यासोबत इंजिनखोलीला लागून दोन खणांचं घर होतं.

मिस्त्री माणूस शांत, पण इंजिनाच्या बाबतीत भारी काटेकोर. भिंतीवर पांढऱ्या दगडाची फळी होती, तिच्यावर विजेचा काटा आणि एक मोठा खटका. खटका वर केला की तारांत वाफेची वीज, खाली केला की बदली इंजिनाची, मधे ठेवला तर काहीच नाही. ह्या दोन सवती आहेत, समोरासमोर आणायच्या नाहीत, असं ते मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते. खोलीमागं मीठ आणि कोळसा भरलेला खड्डा होता, त्यात तांब्याची तार पुरलेली. चुकून कुठं वीज उतरली तर ती तिथून जमिनीत जावी म्हणून. तो खड्डा कायम ओला लागायचा, त्यामुळं माझ्या भांड्यांचं पाणी तिथं पडायचं. कामावरच्या बायांना ते देवाचं ठाणं वाटलं आणि एक दिवस तिथं हळदीकुंकू दिसलं. मी पुसायला निघाले तर मिस्त्री म्हणाले, राहू दे, भक्तीनं का होईना, पाणी घालतात ना.

इंजिन सुरू करायला दोन माणसं लागायची. एकानं हँडल फिरवायचं, दुसऱ्यानं वरची खिट्टी धरायची. खिट्टी उचललेली असली की आतली हवा निसटते आणि चाक हलकं फिरतं. चाकानं जोर धरला की खिट्टी सोडायची, मग हवा दाबली जाते आणि इंजिन पेट घेतं. थंडीत त्याआधी फटाक्यांच्या दारूत घालतात त्या सोऱ्यात भिजवून वाळवलेला कागदाचा तुकडा पेटवून आत सरकवायचा. खिट्टी कधी सोडायची हे कानानं कळतं. मिस्त्रींनी दोन हमालांना शिकवून पाहिलं, ते कधी लवकर सोडायचे, कधी उशिरा. मला पहिल्या महिन्यातच जमलं. जिनात बाया कामाला होत्याच, त्यामुळं मिस्त्रीची बायको इंजिनाजवळ उभी राहते ह्याचं कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र फार वाटायचं. भाकरी सगळ्याच करतात, इंजिन मी एकटी उठवायची, असा माझा तोरा होता.

एका वर्षी दसऱ्याच्या सुमाराला इंजिनानं उलटा झटका दिला आणि मिस्त्रींचं उजवं मनगट मोडलं. हँडल धरताना अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर झटका आल्यावर हात सुटत नाही, हे ज्यांनी आख्ख्या जिनाला शिकवलं त्यांचाच अंगठा त्या सकाळी भलतीकडं होता. नळदुर्गच्या पलीकडं एक हाडवैद्य होता, त्याच्याकडं ते गेले आणि वैद्यानं त्यांना दिवाळीपर्यंत ठेवून घेतलं. जाताना मला बजावून गेले की इंजिन तू आणि हमाल मिळून चालवा, पण त्याच्या पोटात मी ठेवलेलं तेल-पाणी सोडून दुसरं काही जाता कामा नये.

वाफेचा हंगाम अजून सुरू झाला नव्हता, त्यामुळं पंप आणि दिवे बदली इंजिनावरच होते. इंजिनाच्या अंगावर एक काचेची कुपी होती, तिच्यातून थेंब थेंब वंगणाचं तेल आत जायचं. मिस्त्री गेल्यावर दोन आठवड्यांत ते तेल संपलं. लढाईमुळं नवं येत नव्हतं. मुनीमजींना विचारलं तर त्यांनी हात वर केले. पंप थांबला असता तर मिस्त्रींच्या माघारी काम अडलं असा बोभाटा झाला असता.

मग मी डोकं चालवलं. घरात घाण्यावरचं ताजं करडईचं तेल होतं. आमच्या भागात करडईच्या तेलाशिवाय पान हलत नाही. फोडणीला तेच, देवापुढच्या दिव्यात तेच, लेकराच्या टाळूवर तेच आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनाही तेच. जे बाळंतिणीच्या अंगाला चालतं ते इंजिनाला का चालणार नाही, असा मी विचार केला. मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळून कुपीत भरलं. आणि काय सांगू, इंजिन लोण्यासारखं फिरलं. आवाजसुद्धा मऊ झाला. पाच दिवस मी तेच तेल घातलं आणि पाचही दिवस मनात म्हणत होते की मिस्त्रींनी एवढी वर्षं उगाच त्या काळ्या तेलासाठी जीव टाकला.

दिवाळीनंतर बॉयलर पेटला, मी खटका वर केला आणि बदली इंजिन विश्रांतीला बसलं. मिस्त्री हात गळ्यात बांधून परत आले. तेलाचं त्यांना सांगायचं असं मी रोज ठरवायची. पण त्यांनी जाताना दिलेली ताकीद मी मोडली होती, आणि इंजिन चांगलं चाललंय तर उगीच कशाला विषय काढा, असं म्हणून मी गप्प बसले. दीड महिना असाच गेला.

आमच्याकडं मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा करायची, पालेभाज्या आणि डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खायची, आणि ज्याला शेत नाही त्यानं दुसऱ्याच्या शेतात हक्कानं पाहुणा म्हणून जायचं. हमाल येणारच नाहीत म्हणून जिनाचा बॉयलर धुवायचं काम दरवर्षी येळवशीला धरलेलं असायचं. येळवशीला तो नुसता निवत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवसापासून धुवायचा, असे चार दिवस वाफ बंद. त्या चार दिवसांत पाण्याची टाकी बदली इंजिनानं भरायची. बॉयलर परत भरायला पाणी हवं, आणि एवढा कापूस उघड्यावर पडलेला, कुठं ठिणगी पडली तर विझवायलाही हवं.

येळवशीच्या आठ दिवस आधी मिस्त्रींनी इंजिन फिरवून बघायला घेतलं. ते हललं नाही. दोन हमाल हँडलाला लटकले तेव्हा कुठं अर्धा फेरा, तोही कण्हत. त्या वर्षी थंडी होती खरी, पहाटे ओढ्यावर धुकं बसायचं आणि बोटं वळायची नाहीत. सगळे म्हणाले थंडीनं आखडलंय. मी तीन खेपा कढत पाणी ओतायची त्याच्या पाच केल्या. तेवढ्यानं भागेना तेव्हा दोन दिवस इंजिनाखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. जितकी ऊब दिली तितकं ते आणखी घट्ट झालं. मिस्त्री डाव्या हातानं चाकावर थाप मारून नुसते बघत राहायचे. मनगट अजून जुळलं नव्हतं, उजवा हात लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला, त्यामुळं इंजिन खोलायचं तर तेही एकट्याच्या बसचं नव्हतं.

मालक एकदा येऊन बघून गेले. कपाळाला विभूती, तोंडात शिवी नाही, आवाज कधी चढायचा नाही, पण बोललेलं फिरवायचेही नाहीत. ते मिस्त्रींना म्हणाले, “येळवशीपातूर चालू झालं तर झालं. न्हाय तर गुलबर्ग्याचा मिस्त्री सांगून ठेवलाय. त्याला घर लागंल.” एवढंच. घर लागंल म्हणजे आमचं घर. मी दाराआड उभी होते आणि कडेवर दीड वर्षाचं लेकरू होतं. मोडक्या हाताच्या मिस्त्रीला त्या लढाईच्या दिवसांत दुसरं कोण ठेवणार होतं. 

येळवस चार दिवसांवर आली तेव्हा डायनामोचा पट्टा शिवायला मोटवाले मामा आले. विहिरीवरच्या चामड्याच्या मोटा शिवणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना मोटवाले म्हणायचे. जिनातले पट्टेही तेच सांधायचे. ते काम करायचे बाहेर, कडुलिंबाखाली. चामड्याचं काम करणाऱ्या जातीचे म्हणून त्यांना इंजिनखोलीत घेत नसत, आणि टाकीच्या नळाला त्यांनी हात लावायचा नाही असा जिनाचा रिवाज होता. तहान लागली तर ते नळापासून चार पावलांवर उभे राहायचे आणि कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतायचं. बऱ्याचदा मीच ओतलं आहे. त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं, हे आज लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहिते.

मी पट्टा नेऊन त्यांच्यापुढं टाकला. त्यांनी तो उलटा केला, आतल्या बाजूला नख लावलं, वास घेतला, पुन्हा नख लावलं. पट्ट्यावर पिवळसर, चकाकणारा पापुद्रा होता. मला विचारलं, ह्याला रोगण कुणी लावलं. मी म्हटलं, कसलं रोगण. तेव्हा त्यांनी समजावलं. करडईचं तेल आटवून आटवून घट्ट केलं की त्याला रोगण म्हणतात. ते मोटेला लावतात. वाळलं की त्याचा असा टणक थर होतो की आतलं पाणी बाहेर येत नाही. न आटवता नुसतंच लावलं तरी महिनाभरानं वाळतंच. म्हणून तर गाडीच्या आसाला कुणी करडईचं तेल घालत नाही, एरंडेल घालतात. ते वाळत नाही.

तेव्हा मला उमगलं. इंजिनाच्या कुपीतलं तेल उडून पट्ट्यावर पडलं होतं, आणि तेच तेल आत, दट्ट्याभोवती, जिथं तिथं होतं. मी त्यांना विचारलं, तेल आत असेल आणि खाली शेगडी ठेवली तर. मामांनी माझ्याकडं पाहिलं. माणूस हुशार, एका प्रश्नात सगळं ओळखलं. ते म्हणाले, “म्हंजी बाई, तुमी इंजिनातच रोगण आटवलं.”

लाज नंतर वाटली, आधी भीती वाटली. मालकांना कळलं की मिस्त्रीच्या बायकोनं स्वयंपाकाचं तेल घालून इंजिन घालवलं, तर येळवशीचीही वाट बघणार नाहीत. मी मामांना हात जोडले आणि कुणाला सांगू नका म्हटलं. ते पट्ट्यात आरी खुपसत होते. मान वर न करता म्हणाले, “मी कुणाला सांगत न्हाय. पर मिस्त्रीला तुमी सांगा. त्येंला म्हाईत झाल्याबिगर इंजिन खोलायचं कसं?”

खोलायचं म्हणजे इलाज आहे का, असं मी विचारलं. आहे, म्हणाले. जुन्या मोटेवरचं रोगण काढायला ते परटाच्या भट्टीतला, कपड्यांचा मळ काढणारा सज्जीखार कढत पाण्यात घालून वापरतात. थर भिजून सुटतो. मेहनत आहे, हात सोलून निघतात, पण सुटतो. रॉकेलनं काही होणार नाही.

त्याच दिवशी मी मिस्त्रींना सांगितलं. ते चुलीपुढं बसले होते. मी सगळं एका दमात बोलून टाकलं आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडं बघायची हिंमत होईना. त्यांनी डाव्या हातानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, किती दिवस घातलं. पाच, मी म्हटलं. गाळून घातलंस का. दोनदा. कसं चाललं. लोण्यासारखं, मी म्हटलं आणि रडू फुटलं. वैद्यानं तपासावं तसे ते एकेक विचारत होते आणि मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, “तू इचारणार कुणाला होतीस? मी तिकडं हात बांधून बसलो होतो. आन् पंप तर चालवलास न्हवं.” त्या माणसाशी मी जन्मभर बारीकसारीक गोष्टींवरून भांडले, पण ते वाक्य आठवलं की माझं भांडण अर्ध्यावर राहायचं.

आता अडचण अशी की इंजिन खोलायचं तर दोन धडधाकट हात हवेत आणि ते रोगण जाणणारे हवेत. मामांना खोलीत घेतलेलं कुणी पाहिलं असतं तर निराळाच गोंधळ झाला असता. येळवशीच्या दिवशी मात्र जिनात कुणी नसणार होतं. मिस्त्री स्वतः मामांच्या घरी गेले आणि विचारून आले. येळवस म्हणजे वर्षाचा सण, त्यातून कष्टकऱ्याला पोटभर गोडधोड मिळायचा दिवस. मामा म्हणाले, येतो.

आणि ते आले. दिवस उगवला होता, गवतावर दव होतं. रस्त्यानं बाया डोक्यावर जेवणाच्या बुट्ट्या घेऊन शेतांकडं निघाल्या होत्या. मामांच्या बायकोनं फाटकाशी येऊन दोनदा हाक मारली, मागं तीन लेकरं नव्या कपड्यांत. मामांनी आवारातूनच पुढं व्हायला सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि लेकरांना घेऊन गेली.

खोलीच्या उंबऱ्याशी मामा अडखळले. मिस्त्रींनी डाव्या हातानं त्यांच्या दंडाला धरून आत घेतलं. मग काम सुरू झालं. मिस्त्री सांगतील ते बोल्ट मामांनी सोडवले, वरचं डोकं आम्ही दोघांनी उचललं, आणि आत बघितलं तर मला माझ्या तेलाच्या बुधल्याची आठवण झाली. तसाच पिवळा, चिकट, काही ठिकाणी काचेसारखा थर. दट्ट्यावरच्या कड्या खाचांत चिकटून बसल्या होत्या. मी बंबात सज्जीचं पाणी उकळून आणत होते आणि मामा ते फडक्यानं लावत होते, थांबत होते, पुन्हा लावत होते. मिस्त्रींनी एकच अट घातली, आत लोखंड लावायचं नाही, ओरखडा पडेल. मामांनी चामडं घोटायची शिंगाची पट्टी काढली आणि तिनं थर खरवडायला लागले. पापुद्रे निघायला लागले तसे मिस्त्री लहान मुलासारखे पुढं वाकून बघायला लागले. दुपार होत आली तेव्हा आतलं लोखंड राखाडी दिसायला लागलं. साध्या कढत पाण्यानं धुतलं, कोरडं पुसलं, एरंडेल कोमट करून सगळीकडं लावलं आणि कुपीतही तेच भरलं. मग जसं खोललं तसं बसवलं.

मामांनी हँडल धरलं. अंगठा बोटांच्या बाजूला ठेवा, असं मी आणि मिस्त्री एकदमच म्हणालो. मी खिट्टी उचलली. मिस्त्रींनी सोऱ्याचा कागद पेटवून आत सरकवला. चाक फिरलं, हलकं फिरलं. तेवढ्यानंच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्यांदा खिट्टी मी लवकर सोडली, घाबरून. दुसऱ्यांदा एक धक्का देऊन थांबलं. तिसऱ्यांदा मी कान देऊन थांबले, चाकाचा सूर चढू दिला आणि सोडली. इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि चालू लागलं.

मिस्त्री फळीपाशी गेले. विजेचा काटा हळूहळू चढत होता. तो खुणेवर येऊन ठरेपर्यंत त्यांनी हात उचलला नाही. मग डाव्या हातानं खटका खाली केला. फळीवरचा दिवा क्षणभर मंद झाला आणि पुन्हा उजळला, म्हणजे तिकडं ओढ्यावर पंपानं ओढ घेतली. आम्ही तिघंही बाहेर येऊन टाकीखाली उभे राहिलो. नळी गुरगुरली आणि वर टाकीत पाणी पडायला लागलं. मिस्त्री डोळे मिटून नुसते ऐकत होते.

मामांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते, बोटांच्या पेरांना कातडी सुटलेली. सज्जी अजून आग करत होती. ते सवयीनं नळापासून चार पावलांवर जाऊन ओंजळ धरून उभे राहिले, आणि मीही सवयीनं तांब्या आणायला वळले. मिस्त्रींनी मला थांबवलं. त्यांनी नळ पूर्ण सोडला आणि म्हणाले, “हात नळाखाली धरा, मामा. हे पानी तुमीच चढवलंय.”

मामांनी आधी फाटकाकडं पाहिलं. मग पुढं आले आणि दोन्ही हात धारेखाली धरले. डोळे मिटून घेतले. तेवढ्यात फाटकाशी छकडा थांबला. मालक होते. वारा त्या बाजूला होता, शेतात त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू गेला होता. ते उतरून आमच्यासमोर येऊन उभे राहिले. मामा हात मागं घेणार होते, पण मिस्त्रींनी नळ बंद केला नाही. इंजिन चालू झालं, आणि आता घर ह्या नळावरून जाणार असं मला वाटलं.

मालकांनी मिस्त्रींना विचारलं, काय झालं होतं. मिस्त्रींनी तोंड उघडलं आणि मला कळलं की हे थंडी म्हणणार, माझ्यासाठी खोटं बोलणार. त्यांच्याआधी मीच बोलले. “करडीचं तेल म्या घातलं होतं. त्यानं बसलं. वळखलं मामांनी, साफबी त्यांनीच केलं. मिस्त्रीची चूक न्हाय.”

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, नळाकडं पाहिलं, मामांच्या हातांकडं पाहिलं. पाणी वाहतच होतं. मग ते म्हणाले, “गुलबर्ग्याला तार करतो, येऊ नको म्हणून.” आणि छकड्यात बसून शेताकडं परत गेले. नळाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. सण सरला, हमाल परत आले, तसा नळाचा रिवाजही परत आला. आमच्या खोलीचा उंबरा तेवढा मामांना त्यानंतर कधी अडला नाही.

मिस्त्रींचा हात बरा झाला. राज्य बदललं, मालकांनंतर त्यांचा मुलगा आला, मिस्त्री म्हातारे होईपर्यंत त्याच जिनात राहिले. माझी लेकरं त्या दोन खणांच्या घरात वाढली आणि तिथूनच शाळेत गेली. त्या येळवशीनंतर आठ दिवस मामांच्या हातांची कातडी निघत होती. लिंबाखाली बसून मोट शिवताना बोटं मिटत नव्हती म्हणून ते दोरा दातांत धरून ओढायचे. मी हे खिडकीतून पाहिलं. माझ्या चुकीपायी त्या माणसाचे हात सोलले, सण गेला, आणि त्यांनी ते पुन्हा कधी बोलूनही दाखवलं नाही. मी त्यांना भज्जी दिली, आंबील दिली, लुगडं दिलं त्यांच्या बायकोला, पण तोंडानं आभार मानले नाहीत. आपल्यात तशी रीत नव्हती, आणि त्यांच्याशी तर मुळीच नव्हती. मामा जाऊन किती वर्षं झाली. मामा, तुमच्यामुळं माझं घर राहिलं.